मॉडेल छान दिसतं, पण भाग एकमेकांत बसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलची आवड म्हणून वर्षभर कॅड (संगणकावर भागांचं डिझाइन) शिकलो. व्हिडिओ बघून तीसेक मॉडेलं केली. त्यात व्ही-८ इंजिन आहे, ड्रोनची फ्रेम आहे, रोबोटचा हात आहे. रेंडर, म्हणजे मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं, उत्तम येतात. पण स्वतःच्या मनातलं काही करायला घेतलं की एक माप बदलताच अर्धी फीचर्स (मॉडेल घडवणाऱ्या पायऱ्या) चूक दाखवत लाल होतात, आणि थ्रीडी प्रिंट केलेले भाग एकमेकांत बसत नाहीत. आता कुठले प्रोजेक्ट करू? सॉफ्टवेअर बदलू का? आणि दाखवण्याजोगं काम कसं उभं करू?

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. बदलू नका. फ्रीकॅड, ऑनशेप, फ्यूजन, सॉलिडवर्क्स, सगळीकडे विचार एकच आहे: स्केच, त्यावर बंधनं, त्यातून फीचर, फीचर्सचा भाग, भागांची असेंब्ली म्हणजे जोडणी. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. ऑनशेपच्या मोफत खात्यातली कामं सगळ्यांना दिसतात. आणि फ्रीकॅड वापरत असाल तर १.० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत कडा आणि पृष्ठांची नावं आपोआप बदलून मॉडेल मोडण्याचा जुना त्रास बराच कमी झाला. तुमची खरी अडचण मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही.

व्हिडिओ बघून केलेल्या मॉडेलमध्ये सगळे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. कुठलं माप मूळ, कुठलं त्यावरून निघालेलं, भाग कशाला टेकणार, बोल्ट कुठून आत जाणार, हे तो ठरवून बसलेला असतो आणि तुम्ही त्याचे आकार गिरवता. त्यात हात बसतो, कमांड पाठ होतात, हा फायदा खराच. पण डिझाइन म्हणजे ते निर्णय, आणि त्यांचा सराव तुम्हाला अजून झालेला नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच आहे: यापुढे हातात येणार नाही असं काही मॉडेल करू नका. छोटं घ्या, बनवा, मोजा, चुकलेलं मॉडेलमध्ये दुरुस्त करा, पुन्हा बनवा. ही फेरी पूर्ण केलेला एक साधा ब्रॅकेट अर्धवट समजलेल्या व्ही-८ पेक्षा जास्त शिकवतो.

आता मॉडेल लाल का होतं ते बघू. नेमा १७ या प्रमाणित मापाच्या स्टेपर मोटरसाठी (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) प्लेट करायची आहे असं धरा. चार भोकं, चौरसात, एकमेकांपासून ३१ मिमीवर. मधे मोटरचा २२ मिमीचा उंचवटा आत जावा म्हणून मोठं भोक. बहुतेक नवशिके काय करतात? प्लेटचा चौकोन कुठेतरी काढतात, मग प्रत्येक भोकाला डाव्या कडेपासून एक आणि खालच्या कडेपासून एक माप देतात. जागेची आठ मापं, व्यासाची चार. आता प्लेट ५० ऐवजी ६० मिमी रुंद करा. भोकं डाव्या कडेला चिकटून राहतात, मधलं भोक तिसरीकडे जातं, मोटर मध्यावर राहत नाही.

त्याऐवजी असं करा. मूळबिंदू मोटरच्या अक्षावर ठेवा, कारण या भागाचं खरं केंद्र तेच आहे, प्लेटची कड नव्हे. मूळबिंदूभोवती एक सहायक चौरस काढा, दोन्ही अक्षांशी सममित, बाजू ३१. चार वर्तुळांची केंद्रं त्याच्या कोपऱ्यांना चिकटवा, चारही व्यास समान करा आणि एकालाच माप द्या: एम३, म्हणजे ३ मिमीचा बोल्ट, सहज जायला ३.४. मधलं वर्तुळ मूळबिंदूवर, २२.५. बाहेरचा चौकोनही सममित. भोकांसाठी एकूण तीन मापं. प्लेट हवी तेवढी ताणा, मोटर हलणार नाही.

इथे एक हिशेब मनात ठेवावा. स्केचमधल्या सुट्या रेषेला चार मोकळीका असतात, दोन टोकांच्या दोन-दोन. वर्तुळाला तीन, केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. प्रत्येक बंधन त्यातली एखादी मोकळीक काढून घेतं. सगळ्या संपल्या की स्केचचा रंग बदलतो. तोपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही. आणि मोकळीक आधी भूमितीने काढायची: समांतर, सममित, समान, एककेंद्री. अगदी उरेल तेवढ्याचंच काम आकड्यांना द्यायचं. ही कल्पना आजची नाही. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत केलेल्या स्केचपॅडमध्येही या रेषा समांतर ठेव, या लांब्या सारख्या ठेव असं संगणकाला सांगता येत होतं. इतक्या वर्षांत पडदे बदलले, पण स्केचचा गाभा तोच आहे.

लाल होण्याचं दुसरं कारण संदर्भ. तुम्ही फिलेट मारता, म्हणजे कड गोल करता, मग त्या फिलेटने तयार झालेल्या कडेवर पुढचं स्केच टेकवता, त्यातून आलेल्या पृष्ठावर भोक पाडता. आता फिलेटची त्रिज्या बदलली आणि ती कडच नाहीशी झाली, की वरचं सगळं अधांतरी. म्हणून नवीन स्केच शक्यतो मूळ प्रतलांवर किंवा स्वतः तयार केलेल्या संदर्भ प्रतलांवर घ्या. फिलेट आणि चॅम्फर (कडेचा तिरका काप) अगदी शेवटी. आणि फीचर्सना नावं द्या. ‘पॉकेट००७’ वाचून तीन महिन्यांनी काहीही आठवत नाही, ‘बेअरिंगची बैठक’ वाचलं की सगळं आठवतं.

मॉडेल पक्कं आहे की नाही याची चाचणी सोपी आहे. त्यातलं सर्वात महत्त्वाचं माप वीस टक्क्यांनी वाढवा, मग वीस टक्क्यांनी कमी करा. भाग शहाण्यासारखा मोठा-लहान झाला तर ठीक. मोडला तर कुठे मोडला ते बघा, तिथेच तुमचा चुकीचा संदर्भ सापडेल. तुमच्या जुन्या मॉडेलांपैकी एकावर आजच हे करून बघा.

प्रोजेक्ट कुठला? पहिला अगदी लहान घ्या: घरातल्या एखाद्या उपकरणाचा तुटलेला नॉब, क्लिप किंवा पाय. तो बसला की नाही हे उपकरणच सांगतं, त्यात मतभेदाला जागा नाही. नॉबच्या आतलं डी आकाराचं भोक नीट बसवताना मोजमापाचं निम्मं शिक्षण होतं.

दुसरा प्रोजेक्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण मला विचाराल तर हौशी माणसासाठी याच्याइतकं भरघोस काम दुसरं नाही: हाताने फिरवायचा दोन टप्प्यांचा गिअरबॉक्स. तीन शाफ्ट, चार गिअर, सहा ६०८ बेअरिंग. हे बेअरिंग सगळीकडे मिळतं आणि त्याची मापं ठरलेली आहेत: आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी.

सुरुवात गिअरच्या दात्यांपासून करू नका. आधी एका स्केचमध्ये नुसती पिच वर्तुळं काढा, म्हणजे दोन गिअर एकमेकांना टेकून फिरतात असं मानतो ती वर्तुळं. मोड्यूल, म्हणजे दात्याचा आकार सांगणारा आकडा, १.५; लहान गिअर १८ दात्यांचा, मोठा ५४ चा. पिच व्यास म्हणजे मोड्यूल गुणिले दाते: २७ आणि ८१. दोन शाफ्टमधलं अंतर दोन्ही त्रिज्यांची बेरीज, म्हणजे ५४ मिमी. टप्पा एकास तीन, दोन टप्पे मिळून एकास नऊ. लहान गिअरला १८ दाते मुद्दाम घेतले आहेत. २० अंशांच्या दाब कोनात (दाते एकमेकांना ज्या तिरक्या दिशेने ढकलतात तो कोन) साधारण १७ पेक्षा कमी दाते घेतले तर दात्याचं मूळ खालून पोखरलं जातं आणि तो कमकुवत होतो.

आता तीनही शाफ्ट एका ओळीत ठेवले तर पेटी लांबलचक होते. म्हणून मधल्या शाफ्टपाशी ओळ दुमडा आणि तो कोन स्केचमध्ये माप म्हणून द्या. ६० अंश दिलेत तर तीन केंद्रांचा समभुज त्रिकोण होतो, पहिला आणि तिसरा शाफ्टही ५४ वर येतात. तिसऱ्या शाफ्टवरच्या मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास दात्यांत दोन मिळवून मोड्यूलने गुणायचं, म्हणजे ८४, त्रिज्या ४२. पहिल्या शाफ्टची त्रिज्या ४. ५४ मधून हे दोन्ही वजा करा, ८ मिमी मोकळे राहतात. गिअर शाफ्टला घासणार नाही. दात्याची एक रेषही न काढता अख्ख्या यंत्राची मांडणी झाली. बाजूच्या प्लेटा, बेअरिंगच्या बैठका, बोल्टच्या जागा, सगळं याच मूळ स्केचवरून घ्या. मग मोड्यूल १.५ वरून २ करा. केंद्रांतर ७२ होतं, प्लेटा मोठ्या होतात, बैठका जागेवर सरकतात, आणि बेअरिंग मात्र २२ चंच राहतं कारण ते बाजारातून येतं. कुठली मापं एकमेकांना बांधलेली असावीत आणि कुठली मोकळी, हे कळणं म्हणजेच पॅरामेट्रिक मॉडेलिंग कळणं. पहिल्यांदा ती पेटी अशी एका आकड्यावर नीट वाढलेली पाहिली की जो आनंद होतो, तो कुठल्याही रेंडरमध्ये नाही.

बेअरिंगच्या बैठकीबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या पहिल्या अशा पेटीत मी बैठक २२ व्यासाची, ७ खोल केली आणि तळाला शाफ्टसाठी ८.५ चं भोक ठेवलं. पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होतं. जोडल्यावर शाफ्ट हलेना. कारण बैठकीचा तळ बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला तर टेकलाच, पण आतल्या, फिरणाऱ्या रिंगलाही टेकला. दोन प्लेटा आवळल्या की ब्रेक लागल्यासारखं होई. तळाचं भोक १९ च्या आसपास हवं होतं, म्हणजे खांदा फक्त बाहेरच्या रिंगला आधार देतो. उलट शाफ्टवरचा स्पेसर (अंतर राखणारी नळी) बाहेरून ११ च्या आत हवा, म्हणजे तो फक्त आतल्या रिंगला टेकतो. तेव्हापासून कुठलाही भाग काढताना मी आधी विचारतो: हा कशाला टेकणार आहे, आणि कशाला मुळीच टेकता कामा नये?

पेटी कुठे फोडायची याचाही विचार आधीच हवा. कॅडमध्ये भाग एकमेकांतून आरपार जातात, कुणी अडवत नाही. शाफ्टच्या अक्षांवरून आडवी फोडली तर प्रत्येक बैठक अर्धी-अर्धी होते आणि दोन अर्धुकं नीट जुळवणं अवघड जातं. मी दोन उभ्या प्लेटा आणि मधे खांब अशी रचना सुचवतो. प्लेट आडवी ठेवून छापली की बैठकीचं वर्तुळ छपाईच्या पातळीतच येतं आणि जास्त गोल निघतं. गिअरही असेच आडवे छापा, म्हणजे दात्यावरचा जोर थरांना एकमेकांपासून सोलणार नाही. मॉडेल पूर्ण झालं की डोळे मिटून जोडणी करा: आधी काय, मग काय, नट कुठून धरणार, ॲलन की आत फिरायला जागा आहे का. एखाद्या पायरीला हात अडकला तर तिथे डिझाइन बदला.

आता भाग का बसत नाहीत. २२ चं बेअरिंग आणि २२ चं भोक, म्हणून बसलं पाहिजे असं वाटतं. पण छापलेलं भोक जवळजवळ नेहमी लहान येतं. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, वळणावर धागा आत ओढला जातो, आणि शिवाय फाइलचा दोष असतो. छपाईसाठी काढतो त्या एसटीएल फाइलमध्ये वर्तुळ नसतंच, त्रिकोणांनी बनलेला बहुभुज असतो. त्याचे कोपरे वर्तुळावर असतात आणि बाजू आत शिरलेल्या. ८ मिमीचं भोक २४ बाजूंचं झालं तर समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सुमारे ०.०७ मिमीने कमी भरतं. निर्यात करताना बारीक जाळी निवडा, हा भाग सुटतो. उरलेला प्रत्येक प्रिंटरचा स्वभाव असतो, तो मोजूनच कळतो.

म्हणून गिअरबॉक्स छापण्याआधी एक चाचणीची पट्टी छापा. त्यात २२.० पासून २२.४ पर्यंत ०.१ च्या फरकाने पाच बैठका. एम३ साठी ३.० पासून ३.६ पर्यंत भोकं. प्रत्येकाशेजारी आकडा कोरलेला. प्रत्यक्ष बेअरिंग दाबून बघा: अंगठ्याने घट्ट दाबल्यावर जातं आणि आपोआप निसटत नाही, तो तुमचा आकडा. तो मॉडेलच्या पॅरामीटरमध्ये ‘छपाईची सूट’ अशा नावाने लिहा, प्रत्येक भोकात हाताने ०.२ मिळवत बसू नका. प्लॅस्टिकचा रोल किंवा प्रिंटर बदलला की पट्टी पुन्हा छापा.

मोजतानाही एक फसगत होते. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांची धार थोडी सपाट असते, त्यामुळे लहान भोक ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ३ मिमीच्या भोकात हा फरक चांगलाच जाणवतो. तुम्ही मग मॉडेलमधलं भोक वाढवता आणि ते सैल होतं. लहान भोकांना ड्रिलच्या गुळगुळीत दांड्याने तपासा, कुठला सहज जातो आणि कुठला अडतो.

गिअरच्या दात्यांनाही थोडा प्ले लागतो, नाहीतर ते एकमेकांत रुततात. केंद्रांतर ०.२ मिमीने वाढवलं तर २० अंशांच्या दात्याला सुमारे ०.१५ मिमीचा बॅकलॅश, म्हणजे असा प्ले, मिळतो. छापील गिअरना सुरुवात करायला एवढा ठीक आहे. हाही पॅरामीटरच ठेवा.

हेच भाग पुढे लेथ-मिलिंगवर करून घ्यायचे झाले तर एसटीएल पाठवू नका, स्टेप फाइल पाठवा. स्टेपमध्ये खरी वर्तुळं, खरी दंडगोल पृष्ठं जातात. एसटीएलमध्ये तर एककही नसतं. इंचातला भाग समोरच्याने मिलिमीटर समजून उघडला की २५.४ पट लहान दिसतो. आणि सोबत टूडी ड्रॉइंग हवंच. हौशी मंडळी ते टाळतात, पण ड्रॉइंग काढताना जे प्रश्न पडतात ते मॉडेलमध्ये पडत नाहीत. कुठल्या पृष्ठापासून मोजायचं? कुठलं माप खरंच काटेकोर हवं? २२ च्या बैठकीला एच७ ही टॉलरन्स (मापातली चालणारी चूक) दिलीत तर भोक २२.००० ते २२.०२१ मध्ये यावं लागतं. ते बेअरिंगच्या बैठकीला शोभतं. तेच प्लेटच्या बाहेरच्या कडेला दिलंत तर कारागिराचा वेळ आणि तुमचा खर्च दोन्ही वाया. काटेकोर मापं तीन-चारच ठेवा, बाकीच्यांना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सर्वसाधारण टॉलरन्स द्या.

सिम्युलेशनबद्दल, म्हणजे भागावरचा ताण संगणकावर तपासण्याबद्दल, विचारलं नाहीत, पण रंगीत चित्रांचा मोह होणार म्हणून सांगतो. आधी वहीत गणित करा. २० मिमी रुंद, ५ जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीतून १५० मिमी बाहेर आली आहे आणि टोकाला २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो. टोक दीडेक मिमी वाकतं. जाडी १० करा, वाक ०.२ च्याही खाली येतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. हे हाताला माहीत असलं की सॉफ्टवेअरने १५ मिमी दाखवले तर तुम्ही थांबता, एकक किंवा आधार चुकला असणार हे ओळखता. आतला धारदार कोपरा असेल तर सॉफ्टवेअर हिशेबासाठी भागाचे तुकडे करतं ती जाळी जितकी बारीक कराल तितका तिथला ताण वाढतच जातो. तो आकडा खरा मानू नका. कोपऱ्याला प्रत्यक्षात असेल तेवढी त्रिज्या द्या, मग बघा.

राहिला दाखवण्याचा प्रश्न. मी स्वतः कुणाचं काम बघतो तेव्हा रेंडरवरून नजर फिरवून पुढे जातो. थांबतो ते टेबलावर ओळीने ठेवलेल्या तीन प्लेटांच्या फोटोपाशी: पहिलीत बेअरिंग बसलं नाही, दुसरीत शाफ्ट अडला, तिसरी चालली, आणि प्रत्येकीखाली काय बदललं ते एका ओळीत. म्हणून बिघडलेले भाग फेकू नका. त्यांच्यावर मार्करने आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहा, मॉडेलची त्या वेळची फाइलही वेगळी जपून ठेवा.

आणि तुमचं व्ही-८ टाकून देऊ नका. त्यातला एक सिलेंडर वेगळा काढा: एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड, क्रँकचा एक फेरा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, हा एकच पॅरामीटर धरा. क्रँकची त्रिज्या त्याच्या निम्मी, सिलेंडरची उंची त्यावरून. मग तो वीस टक्क्यांनी वाढवा आणि काय लाल होतं ते बघा. दुरुस्त झालं की हाताने फिरवता येईल असं छापा. पिस्टन वरच्या टोकाला सिलेंडरच्या झाकणावर आपटला, तर रॉडच्या लांबीचं नातं तुम्ही कुठे तोडलंत ते मॉडेलमध्ये शोधा.